घरचा की उपरा?

विज्ञानाचे मास्तर रजेवर होते, म्हणून त्यांचा तास माझ्या वाट्याला आला. मी पडलो मराठीचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत आणि लौकिक काय तो दोन-चार कादंबऱ्यांचा. तास कसाबसा ढकलावा असा बेत होता. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"सर, प्रोटॉनच्या पोटात प्रोटॉनहूनही जड कण असतो, असं वाचलं. ते कसं?"

"डब्यापेक्षा डब्यातला लाडू जड? वेडी की काय तू!" मी म्हणालो. वर्ग हसला. ती खाली बसली, आणि तास संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

त्या रात्री मला झोप लागेना. चार दिवसांनी विज्ञानाचे मास्तर परतले. त्यांनी समजावून सांगितले, तेव्हा मी ओशाळलो. मुलीचे बरोबर होते!

प्रोटॉनमध्ये तीन हलके क्वार्क असतात, एवढे मी ऐकून होतो. पण त्यांच्याभोवती ग्लुऑन असतात आणि क्वार्क-प्रतिक्वार्कांच्या जोड्या क्षणोक्षणी उपजतात नि विरतात. त्या गर्दीत 'चार्म' क्वार्कही असू शकतो. १९७४ साली सापडलेला हा कण प्रोटॉनहून सुमारे एकतृतीयांशाने जड. पण तो पुऱ्या वजनानिशी तिथे ठाण मांडून बसत नाही. निसर्गात क्षणभराची उसनवारी चालते म्हणे!

तो प्रोटॉनच्या घरचाच असावा, ही कल्पना स्टॅनली ब्रॉड्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली मांडली. पण पाहायचे कसे? प्रोटॉनवर प्रोटॉन आदळावा, तर त्या टकरीच्या जोरानेच ग्लुऑनपासून चार्मची नवी जोडी जन्मते. मग हाती लागलेला कण घरचा की उपरा? जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत जमिनीखाली २७ किलोमीटरच्या वर्तुळात अशा टकरी घडवतात. तिथली आणि इतरत्रची कैक वर्षांची मोजमापे एकत्र करून संशोधकांच्या एका गटाने २०२२ साली सांगितले, की काही चार्म घरचाच दिसतो. प्रोटॉनच्या वेगाच्या भारात त्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी. हा निव्वळ योगायोग असण्याचा संभव हजारात तीनच्या आसपास. तरी त्यांनी 'शोध' म्हटले नाही, 'पुरावा' एवढेच म्हटले. सगळ्यांना तो पटलेला नाही, तो वेगळाच.

हे ऐकता ऐकता माझे मन भलतीकडेच गेले. आपण म्हणतो, "बोलण्याच्या भरात निघून गेला हो शब्द!" जणू तो त्या टकरीतच जन्मला. पण मुलीला 'वेडी' म्हणणारा माझा शब्द तिथे जन्मला होता का? मॅट्रिकच्या पुढे जाता आले नाही ही सल पंचवीस वर्षे पोटात होती. एका पोरीच्या प्रश्नाने धक्का दिला, आणि ती बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी त्याच वर्गासमोर मी उभा राहिलो. "बाळ, तुझं बरोबर होतं. मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी तुला हसलो."

ती उठली. क्षणभर गप्प राहिली, मग तिने विचारले, "सर, मग तो कण टकरीत तयार होतो, की आधीपासून आत असतो?"

"काही टकरीत होतात," मी म्हणालो, "पण काही आधीपासूनच असावेत, असं दिसतं."