तापीच्या खालच्या अंगाला

वाचकहो, परदेशात राहून आलेल्या माणसाने तिकडच्या गमती सांगाव्यात अशी रीत आहे. मी काही समुद्र ओलांडलेला नाही. अमळनेरला गाडीत बसले आणि उधन्याला उतरले, एवढाच माझा परमुलूख. पण तुमच्यापैकी कितीतरी घरांतला मुलगा, भाऊ नाहीतर जावई आज सुरतेला यंत्रमागावर किंवा साडीच्या बाजारात असेल, म्हणून लिहिते.

2022 च्या दिवाळीनंतर मी थोरल्याकडे आठ महिने राहिले. मुलगा मागावर, सून साड्यांना टिकल्या लावायच्या कामावर, आणि पाच वर्षांच्या नातवाकडे बघायला कोणी नाही. तेव्हा आमची वळकटी निघाली.

गाडी दोंडाईचा, नंदुरबार करीत नवापूरला येते. त्या स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकड्यावरही ही हद्द रंगवलेली आहे. 1 मे 1960 पर्यंत हा सारा मुंबई राज्याचाच मुलूख. म्हणून तिकडेही तलाटी आहे, सातबारा आहे, आणि नदीही आपलीच तापी. मला वाटलं, काय एवढं वेगळं असणार?

पहिल्याच दिवशी शेजारणीने वाटीभर डाळ पाठवली. गुळाची गोड! मी मुलाला विचारलं, "अरे, हे पक्वान्न भातावर घेतात की नंतर खातात?" दुसऱ्या दिवशी त्यांच्या वाटीत मी ठेचा आणि सोबत कळण्याची भाकरी पाठवली. त्यांच्या घरात दिवसभर पाण्याचा तांब्या फिरत होता म्हणे. पण वाटी रिकामी परत करायची नाही, ही रीत मात्र दोन्हीकडे सारखी निघाली, आणि त्या एका वाटीवर आमची मैत्री जमली. त्या मला मासी म्हणू लागल्या.

बोलण्यात मला अहिराणीने तारलं. आपण 'शे' म्हणतो, ते 'छे' म्हणतात. आपण 'घरना माणसे', ते 'घरना माणसो'. शुद्ध मराठी बोलणाऱ्याला तिथे जड जाईल, आपल्याला नाही. फसले ती एकाच शब्दावर. नातवाच्या बालवाडीत जाऊन मी शिक्षिकेला आदराने 'बाई' म्हटलं, तर तिचा चेहराच उतरला. तिकडे शिकवणारीला 'बेन' म्हणायचं. 'बाई' म्हणजे धुणं-भांडी करणारी! त्या दिवसापासून मी दिसेल तिला बेन म्हणू लागले. संक्रांतीला सुनेने काळी साडी नेसली, तेव्हाही शेजारच्या बेन हळूच विचारून गेल्या, घरात काही वाईट तर झालं नाही ना. त्यांची संक्रांत म्हणजे उत्तरायण. सारं गाव गच्चीवर, हातात मांजा, आणि हळदीकुंकवाला बोलावलेल्या बायकाही वरूनच ओरडतात, "थांबा, पेच लागलाय!"

थंडीत तिथे रस्त्यावर पोंक मिळतो. जाऊन बघते तर काय, आपला ज्वारीचा हुरडा! शेव आणि लिंबू घालून देतात. चव चांगली, पण हुरडा तराजूवर तोलून विकत घ्यायचा हे माझ्या मनाला काही पटेना. शेताच्या बांधावर पाव्हण्याला "खा, अजून खा" म्हणायची वस्तू ती.

शेतकऱ्याने ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट सांगते. बारडोलीकडून आमचे एक नातलग आले आणि म्हणाले, कापूस सोळाशेने गेला. मी घरी फोन केला तर आमचे मालक हबकलेच. "सोळाशे? लुटतात की काय तिकडे!" मग उलगडा झाला. तिकडे भाव वीस किलोच्या मणाचा बोलतात, आपल्याकडे क्विंटलचा. पाचाने गुणलं की आठ हजार झाले. विघ्याचंही तसंच, तो प्रत्येक भागात सारखा नसतो. तिकडच्या सोयरिकीत कोणी "वीस विघे आहेत" म्हणालं, तर आधी विचारा की विघा किती गुंठ्यांचा.

आखाजीला मात्र जीव कासावीस झाला. त्यांच्याकडेही आखात्रीज आहे, चांगला मुहूर्त मानतात. पण माहेरवाशिणी नाहीत की झोके नाहीत. आपल्याकडे त्या दिवशी सालदाराचं साल सुरू होतं, पितरांची घागर भरली जाते. सुनेने चौथ्या मजल्यावर खिडकीत छोटी घागर ठेवली आणि कामावर गेली. तिची सुट्टी कापली गेली असती. मी नातवाला आंब्याची फोड देऊन पणजोबांचं नाव सांगितलं. त्याने विचारलं, "ए कोण?"

हे सारं यंदा पुन्हा आठवायला कारण झालं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई. आमच्या घरी रोटांसाठी प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. मालक, दीर, दोन मुलं, नातू, अशा सव्वासहा मुठी. ज्याची चूल वेगळी झाली त्याचे रोटही वेगळे, हा आमच्या भाऊबंदकीचा नियम. परवा थोरल्याचा फोन आला. "आई, यंदा आमच्या मुठी घालू नको. आम्ही इथेच मांडतोय. गल्लीत सगळे खान्देशीच आहेत, सोमवारी तापीवर वाजतगाजत विसर्जन करतात. पाळी सोडून यायला दोन दिवसांची मजुरी जाते."

मी मालकांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ बैलापाशी बसून राहिले. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला ठाऊक आहे. आज कानबाई गेली, उद्या वाटणी मागेल. मला तसं वाटत नाही. पोराला रजा मिळत नाही हे मी आठ महिने डोळ्यांनी पाहिलं आहे. तरी गहू मोजताना सवयीने पाच नावं ओठांवर आली, आणि तिसऱ्यावर हात थांबला.

पावणेचार मुठी परातीत पडल्या. थोरल्याच्या आणि नातवाच्या अडीच मुठी, आपल्याच शेतातल्या गव्हाच्या, मी पांढऱ्या फडक्यात वेगळ्या बांधल्या. धाकटा उद्याच्या गाडीने त्या घेऊन निघतो आहे. मालकांनी त्याच्या पिशवीत घरचा गूळही ठेवला.