काठीचा पल्ला

हसनाबादच्या (ता. भोकरदन, जि. जालना) आमच्या जुन्या घरात दाराआडच्या कोपऱ्यात एक वेळूची काठी अजून उभी आहे. ती माझ्या आईच्या वडिलांची. हसनाबादपासून दोन-अडीच कोसांवरच्या एका लहान गावाचे ते पोलीस पाटील होते. पोलीस पाटील हे पद मोठे गमतीचे आहे. १९६७च्या ग्रामपोलीस अधिनियमाने त्याला कर्तव्ये पुष्कळ दिली. गणवेश आणि बंदूक मात्र दिली नाही. गावात काही विपरीत घडले तर ठाण्याला कळवायचे आणि ठाण्याची माणसे येईपर्यंत गाव सांभाळायचे. कशाने सांभाळायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्याच ऑगस्टमध्ये मारले गेले. तेव्हा जालना हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. आमचा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि पावसाळ्यात ठाण्यापर्यंत पोहोचायलाही अर्धा दिवस जाई. अशाच एका रात्री वीस-पंचवीस जण रॉकेलचा डबा घेऊन आजोबांच्या गावातील वस्तीकडे निघाले. आजोबा काठी आडवी धरून वाटेत बसले. उभे राहिले नाहीत, बसले. आणि अंधारात एकेकाला नावाने, बापाच्या नावासह, हाक मारू लागले. आई सांगते, सातव्या-आठव्या नावाला पहिला माणूस मागे वळला. वस्ती जळाली नाही.

ही कथा आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली की तिला पोथीचे रूप आले. माझाही तिच्यावर विश्वास होता; किंबहुना निःशस्त्र पोलिसावरचा माझा सगळा विश्वास त्या काठीतूनच उगवला होता. पदवीच्या वर्गात हिंसा आणि साहित्य असा विषय निघाला की मी ती सांगत असे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आलेले लोक अनोळखी असते तर?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. घंटा वाजली, हे माझे भाग्य.

अनोळखी लोक आले तेव्हा काय झाले, हे आपल्याला ठाऊक आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईत आलेल्या दहांपैकी कोणालाही बापाच्या नावाने हाक मारता येणार नव्हती. मध्यरात्रीनंतर गिरगाव चौपाटीच्या नाक्यावर चोरलेली मोटार अडवली गेली, तेव्हा सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हाती काठीच होती. त्यांनी एके-४७ची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि ती सोडली नाही. म्हणून अजमल कसाब जिवंत सापडला. साताऱ्याकडच्या केडंबे गावच्या या माणसाला २००९ साली मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ते योग्यच झाले. पण या प्रसंगातून काठीचे सामर्थ्य सिद्ध होते असे म्हणणे मला निर्लज्जपणाचे वाटते. तिथे काठी हरली होती. जिंकले ते एका माणसाचे शरीर, आणि कोणत्याही राज्याला आपल्या पोलीसव्यवस्थेचा पाया शिपायाच्या छातीवर घालण्याचा अधिकार नाही.

मग बंदूक द्यावी, हे उत्तर सोपे आहे. मीही काही काळ त्याच्या आहारी गेलो होतो. त्यातून मला बाहेर काढले ते न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालातील एका कोरड्या तपशिलाने. १९९२-९३च्या मुंबई दंगलींत आयोगाच्या मोजणीनुसार ९०० माणसे मेली. त्यांपैकी ३५६ पोलिसांच्या गोळीबारात, ३४७ भोसकल्याने. म्हणजे मृत्यूचे सर्वांत मोठे एकच कारण सरकारी बंदूक होती. ती कोणावर रोखली गेली आणि कोणावर नाही, हेही अहवालात आहे; ज्यांनी तो वाचला नाही त्यांनी जरूर वाचावा.

नॉर्वेचे उदाहरण हल्ली दोन्ही बाजूंचे लोक देतात. तिथे पोलीस तेव्हा सामान्यतः शस्त्र अंगावर बाळगत नसत. ते गाडीत कुलूपबंद असे. २२ जुलै २०११ रोजी एका माणसाने ओस्लोत स्फोट घडवून आठ आणि उटोया बेटावरच्या हल्ल्यात ६९ माणसे मारली. बेटावर पहारा देणारा एक पोलीस अधिकारी, त्या दिवशी कामावर नसलेला आणि निःशस्त्र, आधी मारल्या गेलेल्यांत होता. ओंबळ्यांची आठवण येते ती इथे. पण पुढच्या वर्षी चौकशी आयोगाने बोट ठेवले ते काठीवर नव्हे. निरोप वेळेवर पोहोचले नाहीत, माणसांचा मेळ बसला नाही, हल्लेखोराला याहून लवकर थांबवता आले असते, असे त्याने सांगितले. सशस्त्र तुकडी बेटावर पोहोचली तेव्हा तो मुकाट शरण आला. तासाभराचा उशीर हाच खरा मारेकरी.

त्याला शिक्षा झाली २१ वर्षांची. आपल्याकडे हे ऐकून माणसे हसतात. ती शिक्षा समाजाला धोका असेतोवर वाढवता येते, हे सहसा कोणी सांगत नाही. २०२२ साली त्याचा सुटकेचा अर्ज फेटाळला गेला. कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. या दोन टोकांत सौम्य कोणते आणि कठोर कोणते, याचा वाद घालण्यात मला आता रस उरलेला नाही. दोन्हीकडे खटला चालला, नावे उच्चारली गेली, काय घडले ते नोंदले गेले. मुंबईच्या दंगलींत तेवढेही क्वचितच घडले.

आणि खैरलांजी? २९ सप्टेंबर २००६ रोजी भैयालाल भोतमांगे यांची पत्नी, मुलगी आणि दोन मुले गावाने मारली. तिथे अनोळखी कोणी नव्हते. प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, सगळ्यांना ठाऊक होते. हाक मारणारे कोणी नव्हते इतकेच. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या कारावासावर आणली. फाशीच्या विरोधात असलेल्या माझ्यासारख्याला त्यात आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कारण दोन्ही न्यायालयांनी अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू मानला नाही. हा जातीचा गुन्हा नव्हे, सूड होता, असे ठरले. शिक्षेची वर्षे कमी झाली याचे मला दुःख नाही. गुन्ह्याचे नाव बदलले याचे आहे. भोतमांगे जानेवारी २०१७मध्ये गेले.

विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतरच्या दिवाळीत मी आजोबांच्या गावी गेलो. त्या वस्तीतील एक वृद्ध गृहस्थ अजून होते. मी काठीची गोष्ट काढली. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "पाटलानं आम्हाला वाचवलं, खरंय. पन दुसऱ्या दिशी फौजदार आला, तवा पाटलाला एक बी नाव आठवलं न्हाई."

मी आईला विचारले. ती म्हणाली, "गाव एकच होतं रे. उद्या तोंडं बघायची होती." रात्री सात-आठ नावे अचूक घेणाऱ्या माणसाला सकाळी ती आठवली नव्हती. गावात शांतता राहिली, हे खरे. त्या गृहस्थांनी मात्र पुढे पंधरा वर्षे त्याच माणसांच्या शेतात मजुरी केली, डब्यात रॉकेल कोणी भरले होते ते ठाऊक असताना. १९९४च्या १४ जानेवारीला विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्या दिवशीही ते कामावरच होते, असे ते म्हणाले.

निघताना त्यांनी विचारले, "काठी हाय का अजून?" आहे म्हणालो. "मंग आना कवा तरी. पाहीन म्हन्तो. त्या राती अंधारात नीट दिसली न्हवती."