ढिगात घातलेला हात

जळगाव ते धुळे म्हणजे एरंडोल, पारोळ्यावरून नव्वदेक किलोमीटर. लग्न असो की मयत, हे अंतर आम्हाला कधी जाणवत नाही. पण एखादा जुना लॅपटॉप घ्यायचा की नाही, एवढं ठरवायला दर खेपेला जाणं परवडत नाही. गेल्या काही महिन्यांत नातेवाइकांनी मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हाच आहे: “हा घेऊ का?”

त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. या अटीत न बसणारी मशीन मोठी कार्यालयं काढून टाकतात. ती पुसून-चकाकून आपल्याकडच्या दुकानांत येतात. घेणारे आपणच असतो. नवा लॅपटॉप ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे आणि ज्यांच्या मुलामुलींचं शिक्षण मात्र आता त्याच्यावाचून अडतं, असे लोक.

माझी भाची धुळ्यात बीएस्सी करते. विषय कॉम्प्युटर. आपाने भिशीचा नंबर लागल्यावर अठरा हजार रुपये बाजूला ठेवले होते. शिलाईच्या मशीनवर बसून जमवलेले पैसे. धुळ्यातल्या एका दुकानदाराने लॅपटॉप दाखवला, ‘आय-फाइव्ह’चं स्टिकर दाखवलं आणि आठवी पिढी असल्याचं तोंडी सांगितलं. नुसतं ‘आय-फाइव्ह’ म्हणजे काहीच नाही. हे नाव २०११च्या मशीनवरही असतं आणि २०१८च्याही. खरी ओळख पुढच्या आकड्यात असते.

भाचीने आधी स्क्रीनचा फोटो काढून पाठवला. दुकानातली ट्यूबलाइट स्क्रीनवर चमकत होती, व्हॉट्सअ‍ॅपने फोटो दाबून लहान केला होता. आकडा सहा की आठ, कळेना. मी तिला विंडोजमधलं ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडून फाइल सेव्ह करायला सांगितलं. ती आली एनएफओ स्वरूपात. आत सगळी माहिती होती, पण ती नीट वाचायला विंडोजचंच ते साधन लागतं. मी तेव्हा बसमध्ये होतो, हातात फोन. तिच्याही फोनवर तीच गत. “मामू, फाइल खुल नहीं रही,” तिचा मेसेज आला.

मग तिला दुसरा रस्ता सांगितला. विंडोजमध्ये ‘डीएक्सडायग’ नावाचं छोटं साधन आधीपासूनच असतं. ते उघडायचं, खालचं ‘सेव्ह ऑल इन्फर्मेशन’ बटण दाबायचं. साधी टेक्स्ट फाइल तयार होते. ना रंग, ना चौकटी. पण ती कुठल्याही फोनवर, कुठल्याही जुन्या मशीनवर उघडते. त्यात शब्द शोधता येतो, ओळ उचलून दुसरीकडे टाकता येते. दुकानदाराने काउंटरमागून विचारलं, “हाई काय शे?” ती म्हणाली, “काही नाही चाचा, मामूंना पाठवायचंय.”

फाइलमध्ये लिहिलं होतं: आय-५ ६३००यू. पहिला आकडा सहा, म्हणजे सहावी पिढी, २०१५च्या सुमाराची. पुढे कंसात ‘४ सीपीयू’. त्यावर दुकानदार म्हणाला, “बघ, चार कोअर.” तेही तसं नाही. या प्रोसेसरचे कोअर दोनच, ते चार धागे चालवतात, आणि फाइल धागे मोजते. आठव्या पिढीचा ८२५०यू असता तर तिथे ‘८ सीपीयू’ दिसलं असतं, खरे कोअर चार. ही एक ओळ अठरा हजारांची होती.

दुकानदार लबाड होता असं मी म्हणणार नाही. असा माल लॉटमध्ये येतो. त्याला जे सांगितलं गेलं तेच त्याने पुढे सांगितलं असेल. पण आपाचे पैसे त्या ‘असेल’वर गेले असते.

स्वरूप निवडताना मी आता एकच गोष्ट विचारतो: वाचणार कोण? माणसाने फोनवर वाचायचं असेल तर टेक्स्ट. जळगावजवळच्या एका उर्दू शाळेच्या लॅबची यादी करायची होती, चौदा मशीन. तिथे टेक्स्टच्या चौदा फाइली कोण चाळत बसणार? तिथे सीएसव्ही बरी. विंडोजची ‘सिस्टमइन्फो’ ही आज्ञा तशी फाइल देते. एक मशीन, एक ओळ. सगळ्या ओळी एका एक्सेलमध्ये आणल्या की कुणाची रॅम वाढवायची आणि कुणाला निवृत्त करायचं, हे मुख्याध्यापकांना स्वतः दिसतं. त्यात एक उणीव आहे. प्रोसेसरचं बाजारातलं नाव येत नाही, फॅमिली-मॉडेलचे आकडे येतात. तो रकाना हाताने भरावा लागतो. मदत देऊ इच्छिणाऱ्या माणसाला मात्र पीडीएफ द्यावी, कारण त्याला फक्त पाहायचं आणि छापायचं असतं. बॅटरीचा अहवाल विंडोज एचटीएमएलमध्ये काढून देतं. तो ब्राउझरमध्ये उघडतो आणि बॅटरी मुळात केवढी होती, आता केवढी भरते, हे दोन आकडे शेजारी दाखवतो.

आपल्या लोकांना हा धडा नवा नाही. आमच्याकडची किती उर्दू पत्रकं, मदरशाच्या किती पुस्तिका इनपेजमध्ये अडकून पडल्या आहेत. मराठीतली निमंत्रणं, संस्थांचे अहवाल श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत. ते सॉफ्टवेअर, तो फॉन्ट नसेल तर समोर नुसता गिचमिडा. खरं तर देवनागरी आणि अरबी या दोन्ही लिप्या युनिकोडमध्ये १९९१पासून आहेत. म्हणून टेक्स्ट फाइल सेव्ह करताना ‘यूटीएफ-८’ निवडलेलं बघावं. जुन्या नोटपॅडमध्ये ‘एएनएसआय’ असायचं, त्यात फोल्डरचं मराठी किंवा उर्दू नाव प्रश्नचिन्हांची रांग होऊन जायचं. २०१९पासून विंडोज १०चं नोटपॅड स्वतःहून यूटीएफ-८ धरतं.

अजून एक गोष्ट, विशेषतः मुलींच्या बाबतीत. अशा अहवालात फक्त यंत्राची माहिती नसते. कॉम्प्युटरचं नाव असतं, कधी वापरणाऱ्याचं नाव, नेटवर्क कार्डाचा क्रमांक, फायलींचे मार्ग. स्वतःच्या मशीनचा अहवाल अनोळखी दुरुस्तीवाल्याला पाठवायचा असेल तर टेक्स्टमधून या ओळी काढून टाकणं सोपं. काय पाठवतो आहोत हे पाठवण्याआधी डोळ्यांनी वाचता येतं.

पण जी फाइल आपण सहज कापू शकतो, ती विकणाराही सहज बदलू शकतो. सहाचा आठ करायला एक बटण पुरतं. म्हणून दुकानदाराने पाठवलेला टेक्स्ट अहवाल, पीडीएफ किंवा फोटो, यातलं काहीच पुरावा नव्हे. आपल्या माणसाने आपल्या हाताने त्या मशीनवर काढलेला अहवाल, आणि सोबत त्याच स्क्रीनचा एक फोटो, एवढं हवं. हदीसमधला धान्याच्या ढिगाचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकलेला आहे. पैगंबरांनी बाजारात एका ढिगात हात घातला, तर आतलं धान्य ओलं निघालं. ओलं वर का ठेवलं नाहीस, म्हणजे लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं. या प्रसंगाकडे आपण नेहमी विक्रेत्याची शिकवण म्हणून बघतो. मला त्यात तो हातही दिसतो. ढीग वरून कोरडा दिसत होता, तरी हात आत गेला होता.

भाचीने तो लॅपटॉप घेतला नाही. पुढच्या महिन्यात आपाने अजून चार हजार घातले आणि आठव्या पिढीचा, टीपीएम असलेला लॅपटॉप घेतला. तोही तिने स्वतः तपासून. आता तिच्या वर्गातल्या मुली तिला दुकानात सोबत नेतात. त्या फाइली माझ्याकडे येत नाहीत, तीच वाचते.