ट्रेडमिलवरची वीस मिनिटे



मागच्या वेळी ओळीच्या आयंबिलाचे पदार्थ लिहिले होते आणि आज एकदम जिमबद्दल लिहिते आहे. हसू नका. आपल्यापैकी किती जणी दुपारी स्थानकात आणि संध्याकाळी जिममध्ये दिसतात ते मला माहीत आहे.

आमच्या पांढरकवड्यातल्या जिममध्ये महिलांची बॅच चार ते सहा. दोन ट्रेडमिल, एक सायकल, आणि एक क्रॉस ट्रेनर, जो इतका कुरकुरतो की कोणी त्याच्या वाटेला जात नाही. दिवाळीनंतर भिंतीवर पाटी लागली : 'ट्रेडमिलचा वापर फक्त २० मिनिटे. आदेशावरून.' कोणाच्या आदेशावरून, ते काही लिहिलेले नाही.

नागपूरची बहीण मला फोनवर म्हणते, तुमच्याकडे एवढी मोकळी हवा, मशीनवर चालायला पैसे कशाला देता? तिला मोकळी हवा दिसते, मे महिना दिसत नाही. यवतमाळ जिल्ह्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो तेव्हा सकाळी आठनंतर रस्त्यावर पाय ठेववत नाही. हायवेच्या बाजूला चालावे तर नागपूर-हैदराबादचे ट्रक कानाजवळून जातात. पहाटे शेताच्या रस्त्याने जावे तर घरचे अजून वाघिणीची आठवण काढतात. टी-१, जिला सगळे अवनी म्हणत, तिला २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घातली, पण तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर लागलेले होते आणि ते सगळे आमच्याच पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यातले. तेव्हापासून आमच्या घरात पहाटे गावाबाहेर फिरायला जाणे जे बंद झाले ते झालेच. बागेतली ओपन जिम आहे, पण तिथे साडी नेसून झुलणाऱ्या बाईकडे बघायला बाकावर चार जण बसलेलेच असतात. म्हणून मशीन. पट्ट्यावर चालताना निदान कोणी 'कुठे निघाल्या?' विचारत नाही.

आता पाटीचे सांगते. ती लागल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या मोठ्या जाऊबाईंनी जिम सोडली. आम्ही सगळे त्यांना भाभीजी म्हणतो. वय एकसष्ट, साखर बारा वर्षांपासून. गेल्या वर्षी नागपूरला त्यांची टीएमटी झाली. छातीला तारा लावून पट्ट्यावर चालवतात, ती तपासणी. रॉबर्ट ब्रूस नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९६३ साली जी पद्धत बसवली तीच अजून बहुतेक ठिकाणी वापरतात : दर तीन मिनिटांनी वेग वाढतो आणि चढही वाढतो. पहिलाच टप्पा ताशी २.७ किलोमीटरचा, पण दहा टक्के चढावर. भाभीजी दुसऱ्या टप्प्यात दमल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, रोज अर्धा तास चाला, सपाटीवर, न थांबता. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांना स्वतःसाठी रोजचा अर्धा तास लिहून दिला होता, आणि तोही डॉक्टरच्या कागदावर. त्यांनी तो कागद देवघराच्या कपाटात ठेवला आहे.

पाटी लागली त्या आठवड्यात एकवीस-बाविसाव्या मिनिटाला मागून कोणीतरी घसा खाकरला. एवढेच झाले. कोणी उतरा म्हटले नाही. पण भाभीजी उतरल्या आणि घरी येऊन म्हणाल्या, "जाऊ दे न बाई. आपल्यामुळं कोणाचा खोळंबा कशाला? उगाच अंतराय कर्म बांधून घ्यायचं." मी म्हटले, भाभीजी, आपला नंबर असताना चालण्यात कसला अंतराय? पण त्यांचे ठरले होते. रोज ४८ मिनिटे सामायिकात न हलता बसणाऱ्या बाईला वेळेचे बंधन नवे नाही. तिथे वाळूची घडी पूर्ण रिकामी झाल्याशिवाय उठायचे नसते, इथे उलटे, वाळू संपायच्या आत उठा म्हणतात. आणि सामायिकात मागे कोणी रांग लावून उभे नसते.

मी मग हिशोब मांडला. दोन मशीन, दोन तास, म्हणजे २४० मिनिटे. आमच्या बॅचमध्ये चौदा जणी. भागाकार केला तर वाट्याला सतरा मिनिटे येतात. म्हणजे वीस मिनिटांची पाटी लावूनही चौदा जणींचे पुरत नाही, बाराच नंबर होतात. त्यात चढणे-उतरणे, घाम पुसणे, लाइट जाणे धरलेलेच नाही. लाइट गेली की पट्टा थांबतो आणि 'माझी बारा झाली होती की चौदा' यावर वाद सुरू होतो.

त्यात आपल्या बायकांची वेगळी अडचण. डिसेंबरात इकडे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. ज्यांचा चौविहार आहे त्यांना पाचच्या आत घरी पोचून पोळ्या टाकायच्या असतात, मग त्या चार वाजताच दारात उभ्या. आमच्यात अशा सहा-सात जणी आहेत. म्हणजे चार ते पावणेपाच ट्रेडमिलवर झुंबड, आणि साडेपाचनंतर एखादी मशीन मोकळीसुद्धा असते. जूनमध्ये दिवस सातपर्यंत असतो तेव्हा हीच गर्दी आपोआप विरळ होते. पाटी लावणाऱ्याने हे बघितले नव्हते, त्याला फक्त भांडण दिसले.

वीस मिनिटे पुरतात का? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम चाल सांगते. रोज वीस मिनिटे, सहा दिवस, म्हणजे १२०. तीस कमी पडली. शिवाय त्या वीसमधली पहिली चार-पाच मिनिटे हळू, अंग गरम होईपर्यंत, आणि शेवटची चार-पाच परत हळू. झपाझप चालणे उरले दहा-बारा मिनिटांचे. आणि घाईने शेवटचा भाग गाळला, पट्टा एकदम थांबवून उतरले, तर डोळ्यांपुढे अंधारी येते. वयाने मोठ्या बायकांना तर नक्कीच. पाटीमुळे हेच व्हायला लागले होते : मागे कोणी उभे राहिले की बाया लाल बटण दाबून सरळ खाली.

मात्र एक गोष्ट मर्यादेच्या बाजूनेही आहे. सलग चालले तरच ते धरायचे, असे आता नाही. त्याच संघटनेने पूर्वी निदान दहा मिनिटे सलग हवीत अशी अट घातली होती, २०२० साली ती काढून टाकली. पाच मिनिटे गच्चीवर, दहा मिनिटे जेवणानंतर अंगणात, सगळे मोजायचे. साखरवाल्यांना तर जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची चाल फार उपयोगी. त्यामुळे मशीन मिळाली नाही म्हणून दिवस वाया गेला असे समजू नका. (उपवासाचे एक सांगून ठेवते. तेला किंवा अठाई चालू असताना मशीनवर चढू नका, आणि साखरेच्या गोळ्या चालू असतील तर एकासण्याच्या दिवशीही डॉक्टरांना विचारूनच.)

गंमत म्हणजे ही मशीन मुळात शिक्षा म्हणून वापरायचे. १८१८ साली विल्यम क्यूबिट नावाच्या इंग्रज इंजिनियरने तुरुंगातल्या कैद्यांसाठी पायऱ्यांचे मोठे चाक बनवले. कैदी तासन्‌तास चढत राहायचे आणि चाक फिरत राहायचे. इंग्लंडात १८९८ च्या कायद्यानंतर ते बंद झाले. तिथे लोक कधी उतरायला मिळते याची वाट बघत असतील. आम्ही चढायला मिळावे म्हणून भांडतो.

भांडण खरे तर दोघींमुळे पेटले. एक भाभीजी, ताशी साडेतीनच्या वेगाने चालणाऱ्या. दुसरी एक मुलगी, पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना ८०० मीटर धावणे असते, १०० मीटर असते आणि गोळाफेक. ती बाराच्या वेगाने धावायची, मध्ये दम खायची, परत धावायची. असे अर्धा-पाऊण तास. काही जणी म्हणाल्या, तिने मैदानावर जावे, मशीन काय धावायला आहे? मला हे पटले नाही. पहाटे अंधारात एकटीने मैदानावर कोणाची मुलगी पाठवाल? आपली पाठवाल? ती पण त्याच कारणाने इथे येते ज्या कारणाने आपण येतो. आणि फी तेवढीच भरते.

म्हणून एके दिवशी मी आणि आणखी दोघी बॅच संपल्यावर थांबलो आणि जिमवाल्या दादाशी बोललो. म्हटले, वीसचे पंचवीस करा, आणि मर्यादा कोणी वाट बघत असेल तेव्हाच लावा. मागे कोणी नसताना कशाला उतरवता? तो बिचारा ऐकून घेणारा आहे. म्हणाला, "ताई, मोटर तापते, मे महिन्यात तर पट्ट्याखालून वास येतो. सलग चालू ठेवली तर जळेल, आणि दुरुस्तीवाला नागपूरवरून येतो." हेही खरे. मग मी सहज विचारले, पुरुषांच्या बॅचला पण वीसच मिनिटे का? तेव्हा तो हसला. "त्यांच्यात कोण चालते, ताई? सगळे डंबेल्सकडे. सहानंतर या दोन्ही मशीनवर टॉवेल वाळत असतात."

मी तिथेच खुर्चीवर बसले. पुरुषांना सकाळी पाच ते दहा आणि संध्याकाळी सहा ते दहा, नऊ तास, आणि त्या नऊ तासांत ट्रेडमिलवर टॉवेल. दहा ते चार जिमला कुलूप. आणि दोन तासांत चौदा जणी मिनिटे मोजत एकमेकींकडे डोळे वटारतात. मशीन कमी नव्हत्याच. आमचे तास कमी होते.

या बॅचची सवय कोरोनानंतर पक्की झाली. २०२० साली राज्यातल्या जिम सहा-सात महिने बंद राहून दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडल्या, तेव्हा माणसे मोजून आत घ्यायची, प्रत्येकाला ठरलेली वेळ, मशीन पुसून पुढच्याला द्यायची असे नियम होते. मशीन पुसायची चांगली सवय तेवढी मागे पडली आणि ठरलेली वेळ मात्र राहिली. तेव्हा बायका जेमतेम पाच होत्या, दोन तास भरपूर वाटायचे.

सहानंतर आम्हाला येऊ द्या, असे मी म्हटले नाही. म्हणून काही उपयोग नव्हता. चौविहारवाल्या येणार नाहीत, आणि बाकीच्यांपैकी निम्म्यांना घरून परवानगी नाही. हे बरोबर आहे की नाही यावर वेगळे लिहीन. मी कुलपाबद्दल बोलले. सकाळी दहा ते साडेअकरा, स्वयंपाक आटोपल्यावर, दुकानात माणसे गेल्यावर. जास्त काही नको, फक्त चालायच्या मशीन सुरू ठेवा. तो म्हणाला, ट्रेनर दहाला जातो. म्हटले, चालायला ट्रेनर कशाला? तुमच्या घरी वहिनी आहेत, त्या बसतील. त्याने डोके खाजवले आणि दोन दिवसांनी हो म्हणाला. अट एकच, महिनाभरात निदान पाच जणी यायला हव्यात, नाहीतर पंख्याचे आणि मशीनचे बिल निघत नाही.

चारच्या बॅचचे पण थोडे बदलले. दारात वही ठेवली आहे, आल्या आल्या नाव लिहायचे. पाण्याची बाटली किंवा रुमाल ठेवून नंबर धरणे बंद. पावणेपाचपर्यंत ज्यांना सूर्यास्ताआधी जेवायचे आहे त्यांना आधी, नंतर बाकीच्यांना. हे इतर बायकांनी लगेच मान्य केले, उलट एक मराठा काकू म्हणाल्या, "आम्हाला काय, आम्ही नऊला जेवतो." पंचवीस मिनिटे झाली, त्यातली शेवटची तीन हळू चालायची आणि मशीन पुसायची. लाइट गेली तर राहिलेली मिनिटे परत मिळतात. भरतीवाली मुलगी आता साडेपाचला येते, तेव्हा रांग नसते आणि ती हवे तेवढे पळते. सगळे सुरळीत आहे असे नाही. एक बाई अजून वहीत नाव न लिहिता चढते आणि तिला कोण सांगणार यावर सगळ्या एकमेकींकडे बघतात.

भाभीजींना सकाळच्या बॅचला न्यायला मला आठ दिवस लागले. पहिले कारण, दहाला साध्वीजींचे व्याख्यान. चातुर्मास संपून महिना झाला होता, ते कारण टिकले नाही. दुसरे, बूट घालून घराबाहेर पडायची लाज. ते मी पिशवीत नेले आणि तिथे घातले. ओढणीला कमरेशी गाठ मारली, कारण पट्ट्यात ओढणी गेली तर काय होते ते मला बघायचे नाही. मशीनची ती लाल दोरी, जिचा चिमटा कपड्याला लावायचा असतो आणि जी ओढली गेली की पट्टा थांबतो, ती लावून दिली. आमच्या जिममध्ये ती कोणी लावतच नव्हते, खिळ्याला टांगलेली होती. मागे कोणी नाही, घसा कोणी खाकरत नाही. बत्तीस मिनिटे चालल्या. उतरल्यावर म्हणाल्या, "एवढ्या वेळात माझी माळ झाली असती." पण दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच पिशवी घेऊन तयार होत्या.

सध्या सकाळी आम्ही चौघी आहोत आणि महिना संपायला नऊ दिवस राहिले आहेत. गावातल्या कोणाला यायचे असेल तर फी तीच आहे, वेगळी नाही. बूट पिशवीत आणा. पाणी उकळलेले हवे असेल तर घरून आणा, तिथे फिल्टरचे आहे.