विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही

जपानला जाऊन आले म्हटलं की पहिला प्रश्न येतो बुलेट ट्रेनचा आणि दुसरा, "जेवणाचं काय केलंस गं?" तर दोन्हींची उत्तरं आधीच देऊन टाकते. बुलेट ट्रेनमध्ये बसले, फूजी पर्वत ढगात होता. जेवणाचं म्हणाल तर तिथे अगदी निरागस दिसणाऱ्या सारातसुद्धा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, पण आमच्या गाईडने प्रत्येक मुक्कामी आधीच कळवून ठेवलं होतं. भात, टोफू, रानभाज्या, लोणची. उपाशी राहिले नाही. आत्या, तू दिलेला चिवडा आठवा दिवस उजाडेपर्यंत पुरला.

आता खऱ्या विषयाकडे. मी गेले होते चालायला.

जपानमध्ये नाकासेंदो नावाचा एक जुना रस्ता आहे. नावाचा अर्थ साधारण 'मधल्या डोंगरांतला रस्ता'. शोगुनांच्या काळात एदो (म्हणजे आजचं टोकियो) ते क्योतो असे दोन मोठे मार्ग होते. एक समुद्राकाठचा तोकाइदो, आणि दुसरा हा डोंगरांतला, सुमारे ५३० किलोमीटरचा. वाटेत ६९ मुक्कामाची गावं. डोंगरातला असून बायका म्हणे हाच रस्ता पसंत करत, कारण समुद्राकाठच्या वाटेवर मोठ्या नद्या होत्या, काहींवर पूल नव्हते, आणि पाणी चढलं की दिवसेंदिवस काठावर बसून राहावं लागे. १८६१ मध्ये राजकन्या काझुनोमिया शोगुनशी लग्न करायला क्योतोहून निघाली तीही याच वाटेने.

आम्ही चाललो तो यातला किसो खोऱ्याचा तुकडा. नऊ जण आणि एक गाईडबाई. ऑस्ट्रेलियाचं एक निवृत्त जोडपं, दोघी कॅनडाच्या बहिणी, एक जर्मन शिक्षक वगैरे. सामान रोज सकाळी गाडीने पुढच्या मुक्कामी जायचं, पाठीवर फक्त पाणी, रेनकोट आणि (माझ्या बाबतीत) चिवडा. दिवसाला फार तर दहा-बारा किलोमीटर. सह्याद्रीत चढणाऱ्या मंडळींनी हसू नये! हा ट्रेक नाहीच. ही एक चालती गोष्ट आहे, आणि ती सांगायला कुणीतरी लागतं. वाटेवर पाट्या उत्तम आहेत, इंग्रजीतही आहेत, एकटा माणूस आरामात जाईल. पण गावात शिरताना रस्ता उगाचच दोनदा काटकोनात का वळतो, हे पाटी सांगत नाही. हल्ला करायला येणाऱ्यांना सरळ आत घुसता येऊ नये म्हणून तो मुद्दाम तसा केलेला आहे. रस्त्याकडेचा मातीचा उंचवटा म्हणजे आमच्या लेखी नुसता उंचवटा, पण तो असतो अंतराचा खुणेचा ढीग. दर एक 'री'ला, म्हणजे जवळजवळ चार किलोमीटरला एक. वर झाड लावलेलं, म्हणजे वाटसरूला सावलीही मिळाली आणि हिशेबही कळला.

किसो-फुकुशिमाला जुन्या चौकीच्या जागी तेव्हाची मांडणी पुन्हा उभारली आहे. दोन गोष्टींवर पहारेकऱ्यांचं विशेष लक्ष असे. एदोकडे जाणाऱ्या बंदुका आणि एदोहून बाहेर पडणाऱ्या बायका. सरदारांच्या बायकांना शोगुन एदोत ओलीस ठेवत असे, त्या निसटल्या तर सरदार बंड करायला मोकळे. बाई आणि बंदूक एकाच यादीत! आमच्या ग्रुपमधल्या आम्ही पाचही बायका तिथून बाहेर पडताना जरा जास्तच ताठ चाललो.

सगळ्यात प्रसिद्ध टप्पा मागोमे ते त्सुमागो. आठ-एक किलोमीटर. मागोमे हे डोंगराच्या उतारावर वसलेलं गाव, मधून फरसबंदी चढण. इथे १८७२ मध्ये शिमाझाकी तोसोन हा लेखक जन्मला. त्याच्या वडिलांकडे गावातल्या मुख्य अतिथीगृहाची जबाबदारी पिढीजात होती. सरदार मंडळी मुक्कामाला उतरत ते घर. किसोतलं जंगल तेव्हा सरदारांच्या मालकीचं, त्यातल्या पाच जातींच्या झाडांना हात लावायची गावकऱ्यांना बंदी, आणि शिक्षा इतक्या कडक की 'एका झाडाला एक मुंडकं' असं म्हटलं जाई. १८६८ मध्ये राजवट बदलली तेव्हा लोकांना वाटलं, आता जंगल आपल्याला खुलं होईल. झालं नाही. तोसोनच्या वडिलांनी त्यासाठी खटपट केली, हाती काही लागलं नाही, आणि शेवटी वेड लागून १८८६ मध्ये कोंडलेल्या अवस्थेत ते गेले. मुलाने पुढे त्यांच्यावर मोठी कादंबरी लिहिली, 'पहाटेपूर्वी' अशा अर्थाच्या नावाची. ते घर १८९५ च्या आगीत जळालं. आज त्या जागी तोसोनचं स्मारक आहे. गाईडबाई हे सगळं अगदी हळू आवाजात सांगत होती, जणू घरातलीच गोष्ट आहे.

मागोमेहून खिंड चढायची, मग देवदार-सुरूसारख्या उंच झाडांमधून खाली उतरायचं. वाटेत ठिकठिकाणी पितळी घंटा टांगल्या आहेत. अस्वलांसाठी, म्हणजे त्यांना माणूस येतोय हे कळावं म्हणून. मला मात्र प्रत्येक घंटा वाजवताना हात आपोआप जोडावेसे वाटत होते. मध्येच एक जुनं विश्रांतीचं घर लागतं. आत जमिनीत खोदलेली चौकोनी चूल, वर लोखंडी किटली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चहा. पैसे मागत नाहीत. ज्याला द्यायचे तो ठेवतो.

त्या चुलीपाशी बसून गाईडबाईने त्सुमागोची गोष्ट सांगितली, आणि ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय ती हीच.

१९११ मध्ये किसो खोऱ्यातून रेल्वे पूर्ण झाली. त्सुमागो रेल्वेच्या वाटेवर नव्हतं. चालणारे संपले, खानावळी संपल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तरुण शहराकडे गेले आणि घरं कुजायला लागली. गरिबीमुळे कुणी नवीन बांधलंही नाही, म्हणून जुनं तसंच उभं राहिलं. १९६८ मध्ये घरांच्या दुरुस्तीचं काम सुरू झालं आणि गावकऱ्यांनी सगळ्या गावाची मिळून एक संघटना केली. १९७१ मध्ये त्यांनी एक सनद केली. घर, अंगण, शेत, जंगल यांपैकी काहीही विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. तीन वाक्यं! सरकारचा कायदा नंतर आला. १९७६ मध्ये जपानने पहिल्यांदा जतन करायच्या वस्त्या निवडल्या तेव्हा त्यात त्सुमागो होतं. आज गावाच्या मुख्य रस्त्यावर विजेची तार दिसत नाही, आणि दिवसा गाड्यांना बंदी आहे.

हे ऐकताना मी मान डोलावत होते आणि मनात कोकणातलं आपलं घर होतं. नातेवाईक मंडळींना कळलं असेलच मी कुठे चाललेय ते.

संध्याकाळी एका जुन्या घरातच मुक्काम होता. यजमानीणबाई पंचाहत्तरीच्या तरी असतील. जेवण झाल्यावर जर्मन शिक्षकाने गाईडमार्फत विचारलं, घर इतकं जुनं, लाकडाला कीड कशी लागत नाही? त्या उठल्या आणि वरचे तुळया-वासे दाखवले. काळे, चकचकीत. म्हणाल्या, चुलीचा धूर. धुराने लाकूड कोरडं राहतं, किडा धरत नाही. पाहुणे असोत नसोत, चूल रोज पेटवतात. शेजारची दोन घरं दाखवून म्हणाल्या, नियम तिथेही तोच आहे, कुणी विकलं नाही, पाडलं नाही. पण आत कुणी राहत नाही. छपरं बसायला लागली आहेत. त्यांचा स्वतःचा मुलगा नागोयाला असतो. तो परत येईल का, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मला त्या रात्री झोप लागायला वेळ लागला. (गादी जमिनीवर होती म्हणून नाही, ती छान होती.)

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमचं कोकणातलं घर सामाईक आहे. चिऱ्याच्या भिंती, कौलं, पडवी, मागे पोफळी. कागदावर अकरा नावं, त्यातली नऊ पुण्या-मुंबईत नाहीतर परदेशात. राहतात फक्त माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी. घराला मागणी आली आहे, हॉटेल करायचं म्हणतात. फॅमिली ग्रुपवर गेले दोन महिने नुसता धुरळा आहे. बहुतेकांचं म्हणणं, आजीचं घर विकायचं नाही म्हणजे नाही. फोटो पडताहेत, झोपाळ्याचे, विहिरीचे, फणसाचे. वाचताना माझेही डोळे भरतात.

पण त्सुमागोची ती तीन वाक्यं कुणी म्हटली, ते पाहा. ज्यांच्या डोक्यावर ते छप्पर होतं त्यांनी. पाणी गळत होतं ते त्यांच्याच अंथरुणावर. टोकियोला राहून, सुट्टीत आठ दिवस येऊन ही शपथ कुणी घेतली असती तर तिला काय अर्थ होता? मी त्या गावातून नऊ जणांच्या ग्रुपबरोबर चालत गेले, चहा प्यायले, फोटो काढले, दुसऱ्या दिवशी पुढे गेले. मला ते गाव फार आवडलं. माझ्या आवडण्याने तिथलं एक कौलही सरळ झालेलं नाही. झालं असेलच तर मुक्कामाचे पैसे दिले तेवढ्यापुरतं.

आपल्या घरात चुलीच्या जागी गॅस आला, त्यानंतर माजघराच्या वाशांना वाळवी लागली. दादाने दोनदा औषध मारून घेतलं. कौलं परतायला आता माणूस मिळत नाही, मिळाला तर तो सांगेल ती मजुरी. वहिनीचे गुडघे गेले आहेत आणि विहीर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. हे ग्रुपवर कुणी लिहीत नाही. दादा तर तिथे काहीच लिहीत नाही.

म्हणून माझं मत लिहून ठेवते. 'विकायचं नाही' हे म्हणायचा पहिला हक्क दादा-वहिनींचा. 'विकूया' हे म्हणायचाही त्यांचाच. ते राहायचं म्हणाले तर आपण नऊ जणांनी दरवर्षी छपराचे पैसे द्यायचे आणि आळीपाळीने जाऊन राहायचं, पाहुण्यासारखं नाही, पाणी काढायला. मी मेचे शेवटचे पंधरा दिवस धरले आहेत. आणि ते दमलो म्हणाले, तर माझी सही मी त्याच दिवशी देईन. रडेन, पण देईन.

कौलांसाठी माणसं सांगायची तर एप्रिलअखेर सांगावी लागतात. तोवर प्रत्येकाने दादाला एक फोन करा. ग्रुपवर नको, मलाही नको. दादालाच करा, आणि दुपारी करू नका, दुपारी तो बागेत असतो.