पांढरा आडोसा

झिंक ऑक्साइडचं मलम बोटावर घेतलं की आधी त्याचा हट्ट जाणवतो. ते सहज पसरत नाही, जिरत नाही. हात धुतले तरी नखांच्या कडेला पांढरं उरतंच. बाकीची क्रीमं कातडीत मुरतात, हे वरच बसतं. तान्ह्या बाळाच्या लालेलाल झालेल्या ढुंगणाला नेमकं हेच हवं असतं.

ओल्या डायपरमध्ये कातडी भिजून मऊ पडते, बाळ हललं की घासली जाते. त्यात शी आणि शू एकत्र आली की शीतले जंतू शूमधल्या युरियापासून अमोनिया करतात. कातडीची राखण करणारी आम्लता त्यानं घटते, आणि आतड्यात अन्न पचवणारे रस शीबरोबर बाहेर येऊन कातडीलाच खाऊ लागतात. केवढ्याशा जिवावर केवढा मारा! जुलाब लागलेल्या बाळाच्या मांड्या एका रात्रीत सोलवटतात त्या यामुळेच. झिंक ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही. त्याचा थर मध्ये उभा राहून ओल अडवतो, चिघळलेली जागा थोडी सुकवतो. भरून येण्याचं काम कातडी स्वतःच करते. मलम तिला सवड मिळवून देतं. या औषधावर माझा जीव आहे तो त्याच्या या आड उभं राहण्यासाठी.

कोमट पाणी घ्यावं, मऊ सुती कापड घ्यावं. घासायचं नाही, टिपायचं. जागा पुरती कोरडी झाली की थर असा जाड द्यावा की खालची लाली दिसेनाशी व्हावी. पुढच्या वेळी तो सगळा खरवडून काढू नये, हे मी प्रत्येक नव्या आईला कळकळीनं सांगते. स्वच्छतेच्या मायेनं जुनं मलम घासलं जातं आणि नुकती धरू लागलेली कातडीही त्यासोबत जाते. शी लागलेला वरचा थर तेवढा पुसावा, उरलेल्यावरच नवा चढवावा. लाली नसताना रात्री झोपवण्याआधी पातळसा हात फिरवला तरी पुरतो. पावडरचा डबा मात्र लांबच बरा. उडालेली पूड बाळाच्या श्वासात जाते.

मलमातली पांढरी पूड मुळात जस्ताची. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळतं, आणि त्या वाफेला हवा लागली की ती पेटून तिची पूड होते. उदयपूरजवळच्या जावरच्या जुन्या कारागिरांना धातू हवा होता, पूड नव्हे. म्हणून वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या ठेवून त्यांनी ती वाफ हवेपासून जपत खालच्या भांड्यात उतरवली. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात अशा मुशीला वृंताकमूषा म्हटलं आहे. जावरला वापरून टाकलेल्या मुशींचे ढीग अजून दिसतात. त्यांनी इतक्या कसबानं जी होऊ दिली नाही, तीच पूड आज पाळण्याशेजारच्या ट्यूबमध्ये असते. क्रिकेटमधला वेगवान गोलंदाज ॲलन डोनाल्ड चेंडू घेऊन धावत यायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर उन्हासाठी फासलेलं पांढरंही हेच.

पण सगळीच लाली या मलमाची नव्हे. साधी लाली डायपर घासतो त्या फुगीर भागावर असते, जांघेच्या घड्या बहुधा सुटतात. घडीतच गडद लाल झालं, कडेनं बारीक पुटकुळ्या उमटल्या, तर ती कँडिडा बुरशी असू शकते आणि तिथे नुसतं झिंक पुरत नाही. दोन-तीन दिवसांत उतार नसेल, फोड, पू किंवा ताप असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावं. घरात पडलेली नायट्याची ट्यूब तर कुणीच लावू नये. तशा कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड असतं, आणि बंद डायपरखाली ते जास्त शोषलं जातं.

आणि बाळाला दिवसातून थोडा वेळ उघडं ठेवावं. जुन्या लुगड्याची धुवट बाळुती ओली झाली की लगेच कळायची, लगेच बदलली जायची. पावसाळ्यात शेगडीवर उपडी टोपली ठेवून त्यावर बाळुती वाळवताना घरातल्या बायका थकून जायच्या. ते कष्ट परत नकोत. पण खाली रबरी चादर, वर सुती दुपटं, आणि त्यावर मोकळ्या मांड्यांनी पाय झाडणारं बाळ, एवढं आजच्या दोन खोल्यांतही जमतं. शूची धार आपल्या अंगावर येईल. येऊ द्यावी.