आधीचं वर्ष

किल्लारी म्हटलं की लोकांना ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट आठवते. विसर्जनाची रात्र सरत होती, ३ वाजून ५६ मिनिटं झाली होती. मला आठवतं ते त्याच्या आधीचं वर्ष.

१९९२ च्या ऑक्टोबरपासून त्या भागात जमीन गुडगुडत होती. किल्लारीजवळच्या आत्याच्या गावातही. सुरुवातीला लोक शेतात जाऊन झोपले, गाव हलवा म्हणून मागणी झाली. मग थंडी पडली, पुढे लग्नसराई आली, आणि माणसं एकेक करून माळवदाखाली परतली. आत्या तर गेलीच नव्हती. तिच्या स्वैपाकघरातल्या उतरंडीला धक्का सगळ्यांच्या आधी कळायचा. मडक्यावर मडकं खुळखुळू लागलं की ती चुलीपुढून न उठता नुसता हात लांब करून उतरंड धरायची. जमीन थांबली की भाकरी उलटायची. वर्षभरात तिने खबरदारी घेतली ती एकच. सगळ्यात वरचं, लोणच्याचं मडकं खाली काढून ठेवलं. वडील म्हणाले, “अक्का, लातूरला चल थोडे दिवस.” ती म्हणाली, “गणपती उठू दे, मग येते.”

तिच्या घराच्या दोन-दोन फुटांच्या दगडी भिंती, दगड नुसत्या मातीत बसवलेले, आणि वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात त्या घरात गारवा असायचा, त्याचं आम्हा पोरांना केवढं कौतुक! भूकंपाच्या सरकारी नकाशात लातूर तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. त्या पहाटे आठ ते दहा हजार माणसं गेली. पाऊस लागला होता, चितांना लाकूड पुरत नव्हतं. वडील आत्याला पोहोचवून आले आणि त्या दिवसांबद्दल पुढे कधी बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

लग्न होऊन मी कोलकात्यात आले. इथे खडक कुठे लागतच नाही. खाली किलोमीटरच्या किलोमीटर गाळ, गंगेने आणून टाकलेला. दूर हिमालयात किंवा शिलाँगकडे जमीन हलली, तर तिच्या लाटा या गाळात शिरून फुगतात. पाण्याने भरलेली भुसभुशीत वाळू जोरात हादरली की घट्टपणा सोडून पाण्यासारखीच वागते. असं असून या शहराचा सर्वांत गाजलेला भूकंप झालेलाच नाही! ऑक्टोबर १७३७ मध्ये कोलकात्यात भूकंपाने तीन लाख माणसं मेली, असं पुस्तकांतून वर्षानुवर्षं छापलं जात होतं. रॉजर बिल्हॅम या भूकंपशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये जुने कागद तपासून दाखवलं की ते चक्रीवादळ होतं, आणि तीन लाख माणसं तर तेव्हा या गावात राहतही नव्हती.

जे भूकंप खरे झाले ते मात्र विस्मरणात गेले. १२ जून १८९७ च्या शिलाँगच्या भूकंपात इथल्या सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या शिखराचं नुकसान झालं. ते पुन्हा उभारलं. १५ जानेवारी १९३४ ला बिहार-नेपाळच्या भूकंपात पुन्हा पडलं. मग तो नाद सोडून चौकोनी मनोरा बांधला. आज लोक त्याच्यासमोर फोटो काढतात, इथे काही पडलं होतं असं कुणाला वाटत नाही. १८९७ च्या त्याच भूकंपावर काम करता करता रिचर्ड ओल्डहॅमने भूकंपाच्या लाटांचे वेगवेगळे प्रकार ओळखले, आणि तो होता इथल्याच जिऑलॉजिकल सर्व्हेतला.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळ हादरलं तेव्हा मी घरात होते. पंखा बंद असून झुलायला लागला. जिन्यात आले तर मजल्यामजल्यावरून शंख वाजत होते, बायका उलूध्वनी करत होत्या. ही इथली रीत. शेजारच्या काकीमा शंख हातात घेऊनच खाली उतरल्या आणि मला म्हणाल्या, “तुझ्याकडे नाही?” समोरच्या पुकुरातलं, म्हणजे तळ्यातलं, पाणी एका घाटावरून दुसऱ्या घाटावर हिंदकळत होतं. थोड्याच वेळात कोपऱ्यावर चहा सुरू झाला. पुढच्या एप्रिलमध्ये म्यानमारचा धक्का, २०२५ च्या नोव्हेंबरात बांगलादेशचा. दर वेळी तेच, शंख आणि मग चहा. सगळे हसत असतात. मला हसता येत नाही, आणि त्याचं कारण त्यांना सांगताही येत नाही. आत्यासुद्धा हसायचीच.

शहरातल्या गार्डन रीचला मार्च २०२४ मध्ये बांधकाम चालू असलेली पाच मजली इमारत खालच्या झोपड्यांवर कोसळली, बाघाजतीनला जानेवारी २०२५ मध्ये एक चार मजली इमारत कलली. दोन्ही वेळा जमीन हललीसुद्धा नव्हती.

आमची सोसायटी एका बुजवलेल्या पुकुरावर उभी आहे. मागे मीटिंगमध्ये आणखी एक मजला चढवायचा विषय निघाला, तेव्हा मी विचारलं की खालचा पुकुर किती खोल होता, आणि माती कुणी तपासली का. सेक्रेटरी कागद चाळत राहिले. सत्तरी ओलांडलेले एक दादू मात्र खुलले. म्हणाले, “अगं, मी पोहायला शिकलो ते त्यातच. मधोमध पाय टेकायचे नाहीत.” सगळ्यांना गंमत वाटली. मग पुढचा विषय निघाला, गच्चीवरच्या नव्या पाण्याच्या टाकीचा.